नखाला लागतंय का

ओरखडा आरशाखालून निघतो
आणि हँडलपाशी येऊन दमतो.
कुणी ओढला, ठाऊक नाही.
किल्ली असेल, बाजारातली ढकलगाडी असेल,
नाहीतर समोरच्या इमारतीतलं कुणी,
ज्याचा माझ्या पार्किंगवर डोळा आहे.
कायसेरीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात.
पत्रा उघडा राहिला की मीठ आत शिरतं.
म्हणून निघाले. एरवी एका रेघेसाठी
कोण एवढी पायपीट करतं, या वयात.

पहिलं दुकान काचेचं.
सोफा, कॉफीचं मशीन, नंबर घेऊन बसायचं.
टाय लावलेल्या मुलानं गाडीला हात न लावता
चार फोटो काढले आणि कागद छापून दिला:
दरवाजा, हँडल, शेजारच्या भागात रंग मिसळणे,
खाली माझी दोन महिन्यांची पेन्शन.
रंग कोण मारतं, मी विचारलं.
आमची टीम, तो म्हणाला.
टीममधल्या कुणालाच नाव नव्हतं.

दुसरा जेलाल, गॅरेजांच्या वसाहतीच्या तोंडाशीच.
"अर्ध्या तासात गायब!"
पॉलिशचं मशीन हातात फिरतच होतं.
पण त्याच्या दारातली पांढरी गाडी मी उन्हात पाहिली:
बॉनेट दुधाचं, दरवाजा सायीचा.
एकतीस वर्षं शाळेत शिवण शिकवली मी.
दोन तागे जुळत नाहीत
हे मला उन्हानं सांगायची गरज नाही.

तिसरा बेदरी उस्ता. गल्लीच्या टोकाला,
जिथून एर्जियेसचा बर्फ दिसतो
आणि ऊन पोचत नाही.
पाटी नाही. शटरवर फवारून पाहिलेले रंग,
एकावर एक,
गावातल्या अर्ध्या गाड्या तिथे असतील.
त्यानं आधी चहा सांगितला.
मग अंगठा जिभेवर ओला केला
आणि रेघेवरून फिरवला.
जिथे रेघ दिसेनाशी झाली तिथे म्हणाला, "हे वरवरचं."
जिथे राहिली तिथे नख आडवं धरलं.
"इथे लागतंय. इथे खोल गेलंय."

मग खिशातून यंत्र काढलं, काडेपेटीएवढं.
टपावर ठेवलं: एकशे दहा.
बॉनेटवर: एकशे पाच.
या दारावर: तीनशे चाळीस.
पुसून पुन्हा ठेवलं. तीनशे चाळीस.

"बाई, हा दरवाजा आधी एकदा रंगवलाय."

नेजात जाऊन चौथं वर्ष.
पाहुण्यांसमोर या गाडीबद्दल त्याचं एकच वाक्य:
"कंपनीचा रंग. वर दुसरा हात नाही."
इथे गाडी विकायला काढली
की लोक आधी तेच विचारतात,
इंजिनाचं नंतर.
आणि आम्हाला तर विकायचीही नव्हती.
मग कुणासाठी?
एकोणीस वर्षं मी उजवीकडे बसले.
डावं दार त्याचं होतं.

काय झालं असेल, मी विचारलं.
उस्तानं खांदे उडवले.
"पत्रा बोलतो तेवढंच बोलतो.
लांबी जास्त भरलेली नाही. म्हणजे मोठं काही नसावं.
पण करणाऱ्याचा हात बघा.
ही कड मला जमली नसती."

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं
की दुकान तिथंच ठरलं.

"खरडून पार पत्र्यापर्यंत जाऊ?
खाली काय आहे ते दिसेल."
चहात साखरेचा तळ उरला होता.
मी तो ढवळत बसले.
नको म्हटलं.
नखाला लागतं तेवढंच बुजवा.
मिठाच्या आधी.

गुरुवारी गाडी मिळाली.
उमुतनं, त्याच्या शागीर्दानं,
दोन हजार नंबरचा कागद पाण्यात बुडवून
सकाळभर घासलं होतं. बोटं पांढरी पडलेली.
त्याच्या हातावर वेगळे पैसे ठेवले.

घरी आले तेव्हा अंधार होता.
हातमोजा काढून नख फिरवलं.
लागलं नाही.
मग जरा खाली, जिथे ओरखडा कधी नव्हताच,
तिथेही फिरवलं,
वरची बाई दिवा लावून खिडकीत येईपर्यंत.